चरबीची गाठ: दुर्मीळ पण निरुपद्रवी प्रकार ओळखायचे कसे

मानेवर, पाठीवर, खांद्यावर मऊ गाठ आली की घरात तिला ‘आवाळू’ म्हणतात आणि दवाखान्यात ‘लायपोमा’. बहुतेक वेळा हे बरोबरच ठरतं, कारण मऊ ऊतींच्या गाठींमध्ये साधा लायपोमाच सगळ्यांत जास्त आढळतो. पण चरबीच्या गाठींचं घराणं मोठं आहे. हायबरनोमा, लायपोब्लास्टोमा, स्पिंडल सेल लायपोमा, अँजिओलायपोमा, कॉन्ड्रॉइड लायपोमा, नसेतला मेदविकार हे सगळे निरुपद्रवी, तरी स्कॅनवर किंवा स्लाइडवर कर्करोगासारखे दिसू शकणारे प्रकार आहेत. उलट, सुरुवातीचा लायपोसार्कोमा, म्हणजे चरबीचा कर्करोग, हाताला अगदी साध्या लायपोम्यासारखा लागतो. म्हणून चूक दोन्ही बाजूंनी होते: कधी निरुपद्रवी गाठीसाठी मोठं ऑपरेशन होतं, तर कधी कर्करोगाची गाठ मायनर ओटीत भूल देऊन सोलून काढली जाते आणि कचऱ्यात जाते.

किनाऱ्यावरच्या तालुक्यांत काम करणारे डॉक्टर, सर्जन आणि प्रयोगशाळेतले सहकारी यांच्यासाठी हा लेख आहे. गाठ असलेल्या माणसाने वाचला तर डॉक्टरांना काय विचारायचं ते कळेल. साऱ्या लेखाचा आधार एकच आहे. वय, जागा, खोली, चित्र आणि स्लाइड या पाचही गोष्टी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. एक जरी जुळत नसेल तर रिपोर्टवर काहीही लिहिलेलं असो, निदान अजून झालेलं नाही.

आधी विचारा, मग दाबा

‘गाठ कधीपासून आहे?’ या प्रश्नाला ‘लय दिवस झाले’ एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा ‘मागच्या गणपतीत केवढी होती? शिमग्याला केवढी होती?’ असं विचारा. या दोन सणांना सगळं घर एकत्र असतं, त्यामुळे कुणी ना कुणी गाठ पाहिलेली असते आणि सहा-सहा महिन्यांचा हिशेब हाती लागतो. जुना फोटो मिळाला तर आणखी चांगलं.

मग गाठीवर आधी काय केलं ते विचारा. बिब्बा लावला होता का, डाग दिला होता का, लेप लावला का, जोरात चोळून घेतली का? बिब्ब्याने कातडी भाजते आणि खाली सूज धरते. जोरकस चोळण्याने चरबी आतल्या आत मरते आणि तिथे कडक भाग तयार होतो. हाच कडक भाग पुढे सोनोग्राफीत ‘संशयास्पद’ दिसतो. ही माहिती रेडिओलॉजिस्टपर्यंत पोचली नाही, तर त्याची शंका चुकीच्या दिशेला जाते. दारूचं प्रमाण, स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं आणि एचआयव्हीची जुनी औषधं यांचीही विचारणा करा. मान आणि खांद्यांवर दोन्ही बाजूंना सारखी पसरलेली, कडा नसलेली चरबी ही बऱ्याचदा गाठ नसून मेदाचा विकार असते. दीर्घकाळ भरपूर दारू पिणाऱ्या पुरुषांत तो विशेष दिसतो.

तपासताना टेप हवीच. ‘लिंबाएवढी’, ‘आंब्याएवढी’ असं केसपेपरवर लिहू नका. लांबी आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहा, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. गाठीची कडा बोटाखालून निसटते का, ते पाहा. त्यानंतर खालचा स्नायू ताणायला सांगा. मांडीवर गाठ असेल तर गुडघा सरळ करून पाय उचलायला लावा. स्नायूच्या वरच्या चरबीतली गाठ तेव्हा अधिक ठसठशीत होते आणि पूर्वीसारखीच हलते. स्नायूच्या आतली गाठ जागेवर घट्ट बसते किंवा आत दबल्यासारखी होते. ही परीक्षा अर्ध्या मिनिटात होते, आणि पुढचा मार्ग तिच्यावर ठरतो. कपाळ हा याला अपवाद आहे. तिथली गाठ वरवर वाटली तरी बऱ्याचदा स्नायूच्या खाली असते.

गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी, स्नायूच्या खाली किंवा आत, वाढत असलेली, दुखणारी, किंवा एकदा काढून परत आलेली, यांपैकी एक जरी लागू झालं तरी सुरी बाजूला ठेवा आणि आधी चित्र काढा. लावणी जवळ आली म्हणून ‘आजच काढून टाका डॉक्टर’ असा आग्रह होतो. लावणी आटोपल्यावर एमआरआय करून काढलेली गाठ परवडते. चुकीच्या छेदाने फोडलेला सार्कोमा (मऊ ऊतींचा कर्करोग) मात्र पुढच्या सर्जनला नीट निस्तरता येत नाही.

जागा आणि वय बरंच सांगून जातात

*मानेचा मागचा भाग, ४५ ते ६५ वयाचा पुरुष.* इथे स्पिंडल सेल लायपोमा किंवा त्याचा भाऊबंद प्लिओमॉर्फिक लायपोमा आधी आठवावा. डोक्यावर-खांद्यावर ओझी वाहून गाठ आली असं लोक म्हणतात, पण ओझ्याशी तिचा संबंध नाही. यात चरबी कधी भरपूर तर कधी अगदी थोडी असते. चरबी कमी असली की एमआरआयवर ती डाय शोषणारी घन गाठ दिसते आणि रिपोर्टात ‘सार्कोमा नाकारता येत नाही’ असं येतं. वय, जागा आणि वरवरची खोली ध्यानात घेतली तर घाबरण्याचं कारण उरत नाही. पक्कं निदान मात्र स्लाइडच करते.

*कोपर ते मनगट, तरुण वय, एकापेक्षा जास्त गाठी, दाबल्यावर दुखतात.* हा अँजिओलायपोमा. सहसा २ सेंटिमीटरहून लहान असतो. वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणांत ‘दुखणं’ आहे, पण अशा लहान, वरवरच्या, अनेक गाठींत दुखणं हीच त्या प्रकाराची ओळख असते.

*मांडी, खांदा, पाठ, मान. २० ते ४० वय.* हायबरनोमा. ही तपकिरी चरबीची गाठ आहे. शरीर उबदार ठेवणारी ही चरबी तान्ह्या बाळांत भरपूर असते आणि मोठेपणी थोडीच उरते. गाठ सावकाश वाढते, दुखत नाही, आत रक्तवाहिन्या भरपूर असतात. कधी वरची कातडी हाताला किंचित गरम लागते. निरुपद्रवी प्रकारांत सगळ्यांत जास्त गोंधळ हाच घालतो, म्हणून पुढच्या प्रत्येक टप्प्यात त्याचा उल्लेख येईल.

*तीन वर्षांखालचं मूल, भराभर वाढणारी मऊ गाठ.* लायपोब्लास्टोमा. वाढीचा वेग पाहून घरचे आणि डॉक्टर दोघेही धास्तावतात. स्लाइडवर ती मिक्सॉइड लायपोसार्कोमासारखी भासते, पण इतक्या लहान वयात तो कर्करोग जवळपास होतच नाही. निरुपद्रवी असली तरी ती पूर्ण काढावी लागते. कडा नसलेला, आजूबाजूला पसरलेला प्रकार अर्धवट निघाला तर परत येतो, म्हणून पुढे पाच वर्षं तरी मुलाला तपासत राहावं.

लहान मुलाच्या कमरेवर, अगदी मधोमध, मणक्यावर मऊ गाठ असेल तर तिला चरबीची गाठ समजून कधीही कापू नका. तिथे केसांचा झुपका, खळगा किंवा लाल डाग आहे का, पाय अशक्त आहेत का, लघवी सतत गळते का, हे पाहा. अशी चरबी मणक्याच्या फटीतून मज्जारज्जूपर्यंत जोडलेली असू शकते. आधी मणक्याचा एमआरआय, आणि मग मेंदू-मणक्याचा सर्जन.

*मनगटाच्या तळव्याच्या बाजूला लहानपणापासूनची मऊ सूज, अंगठा-तर्जनीला मुंग्या, कधी एखाददुसरं बोट जन्मापासून मोठं.* मीडियन नसेतच चरबी आणि तंतू वाढल्याचं हे चित्र आहे. आपल्याकडे जाड नस दिसली की कुष्ठरोग आठवतो, आणि तो आठवलाच पाहिजे. कातडीवर बधिर चट्टा आहे का, कोपराजवळची आणि गुडघ्याबाहेरची नस जाड आहे का, हे तपासा. कुष्ठरोगात सहसा या नसा पकडतात. इथे मात्र मनगटातली एकच नस जाड असते आणि चट्टा नसतो. एमआरआयवर आडव्या कापात चरबीच्या मधोमध नसेचे तंतू ठिपक्यांसारखे उठून दिसतात, जणू जाड केबल कापून आतल्या तारा पाहाव्यात. हे चित्र इतकं स्वतःचं आहे की बायोप्सीची गरजच नाही, आणि करूही नये. गाठ समजून ती नसेतून ‘काढायला’ गेलं की हाताचं काम कायमचं जातं. गरज पडलीच तर मनगटातला बोगदा मोकळा करण्याचं ऑपरेशन पुरतं.

*पन्नाशीपुढची बाई, खांद्याच्या फऱ्याच्या खालच्या टोकाशी घट्टसर गाठ.* हात पुढे घेऊन स्वतःला मिठी मारल्यासारखं करायला सांगा. गाठ बाहेर येते, हात खाली सोडला की फऱ्याखाली लपते. हा इलास्टोफायब्रोमा. खरं पाहता ही तंतूंची गाठ आहे, मध्ये चरबीच्या रेघा असतात, म्हणून तिची नोंद वारंवार लायपोमा अशी होते. दुसऱ्या बाजूलाही हात फिरवा, बऱ्याचदा तिकडेही सापडते. खांद्यावर ताण येणारं काम वर्षानुवर्षं केलेल्या बायकांत ती दिसते. चित्र अगदी नमुनेदार असेल तर सुईही लागत नाही.

बाकीचे थोडक्यात. कोपराखाली बाहेरच्या बाजूला खोल गाठ आणि बोटं सरळ करता येत नाहीत, तर हाडाला चिकटलेला लायपोमा नस दाबतोय का ते पाहा. साध्या एक्स-रेत हाडाचा खडबडीत उंचवटा आणि भोवती काळसर सावली दिसते. गुडघ्याला वारंवार सूज, पाणी काढलं तरी परत भरते, तर सांध्याच्या अस्तरातली झालरीसारखी चरबी, लायपोमा अर्बोरेसेन्स. प्रौढ बाईच्या खांद्याजवळ किंवा मांडीच्या वरच्या भागात खोल, घट्ट गाठ असेल तर कॉन्ड्रॉइड लायपोमाही यादीत असू द्या.

पोटाच्या मागच्या पोकळीत मोठी चरबीची गाठ दिसली तर नियम उलटा लावा. ती मूत्रपिंडातून किंवा त्यावरच्या ग्रंथीतून निघालेली नाही याची आधी खात्री करा, कारण त्या दोन अवयवांचे स्वतःचे निरुपद्रवी मेदयुक्त प्रकार आहेत. तसं नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत तिला लायपोसार्कोमाच समजा. मायोलायपोमासारखी निरुपद्रवी गाठ तिथे होते, पण ते ठरवण्याचा अधिकार पॅथॉलॉजिस्टचा आहे.

चित्र: काय मागवायचं, काय वाचायचं

वरवरच्या, ५ सेंटिमीटरखालच्या गाठीला सोनोग्राफी बहुधा पुरते. लिनिअर प्रोब वापरा, ७ ते १५ मेगाहर्ट्झचा. साधा लायपोमा कातडीला समांतर आडवा पसरलेला, आत बारीक पांढऱ्या रेघा, दाबल्यावर चपटा होणारा, आणि डॉप्लरवर (सोनोग्राफीतली रक्तप्रवाहाची तपासणी) जवळपास रक्तप्रवाह नसलेला असा दिसतो. चरबीसारख्या पांढऱ्या गाठीत भरपूर प्रवाह दिसला की हायबरनोमा किंवा अँजिओलायपोमा मनात आणा. स्नायूतल्या रक्तवाहिन्यांच्या गाठीतही चरबी असते, आणि तिथे लहान गोल कॅल्शियमचे खडे दिसू शकतात.

खोल किंवा मोठ्या गाठीला एमआरआय. मागणीपत्रावर नुसतं ‘एमआरआय मांडी’ लिहू नका. टी-१, टी-२, स्टिर (चरबीचा संकेत दाबणारा क्रम), चरबीचा संकेत दाबलेला टी-१ गॅडोलिनियम या डायच्या आधी आणि नंतर, अशी चित्रक्रमांची यादी लिहा. गॅडोलिनियमआधी मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठी क्रिएटिनिन तपासा. गाठीच्या दोन्ही टोकांना खूण म्हणून व्हिटॅमिन ईची कॅप्सूल टेपने चिकटवा, पण गाठीवर दाब येऊ देऊ नका, नाहीतर आकार बदलतो. स्टिर हा क्रम डायनंतर घेऊ नये, कारण डाय शोषलेला भागही त्यात काळा पडू शकतो. मान आणि खांद्याजवळ चुंबकीय क्षेत्र सारखं नसल्याने चरबी दाबणं फसतं; तिथे स्टिर किंवा डिक्सन ही चरबी आणि पाणी वेगळं दाखवणारी पद्धत जास्त भरवशाची.

वाचताना मुख्य प्रश्न एकच: गाठीतला प्रत्येक भाग कातडीखालच्या चरबीसारखा वागतो का? सगळ्या क्रमांत तसाच वागला आणि पडदे २ मिलिमीटरपेक्षा पातळ असले तर लायपोमा. जाड पडदे, चरबी नसलेला घन गोळा, १० सेंटिमीटरपेक्षा मोठा आकार, चरबीचं प्रमाण तीन चतुर्थांशांपेक्षा कमी, वय पन्नाशीपुढे, हे जमा होत गेलं की अटिपिकल लायपोमॅटस ट्यूमरकडे कल झुकतो. लायपोसार्कोमाचाच हा सर्वांत सौम्य, हातापायांतला प्रकार.

हायबरनोमा इथे अडचण करतो. टी-१वर तो कातडीखालच्या चरबीपेक्षा थोडा काळपट असतो, चरबी दाबताना पूर्ण दबत नाही, डाय चांगला घेतो, आणि आत वाहत्या रक्ताच्या काळ्या रेघा दिसतात. पेट-सीटीवर (साखर जास्त वापरणारे भाग दाखवणारा स्कॅन) तो जोरदार चमकतो, कधी कर्करोगाहूनही जास्त, कारण तपकिरी चरबी साखर झपाट्याने वापरते. स्तनाच्या किंवा दुसऱ्या कर्करोगासाठी मुंबईत पेट-सीटी झाला आणि मांडीत चमकणारी चरबीची गाठ निघाली, की ‘पसरला’ असं घाईने घरच्यांना सांगू नये. आधी एमआरआयशी जुळवून पाहावं.

सुई आणि छेद

वरवरची, लहान, चित्रात साधी गाठ सरळ पूर्ण काढून पाठवावी. तिला आधी सुई घालण्यात अर्थ नाही.

एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने पेशी ओढून पाहणं, ही आपल्याकडे सहज होणारी तपासणी, पण इथे तिच्यावर विसंबू नका. बारीक सुईत प्रौढ चरबीच्या पेशी आल्या की त्या गाठीच्या आहेत की शेजारच्या निरोगी चरबीच्या, हे सांगताच येत नाही. ‘लायपोमाशी सुसंगत’ या रिपोर्टने खोल, १२ सेंटिमीटरच्या गाठीबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

खोल गाठीला कोअर बायोप्सी, म्हणजे जाड सुईने अखंड तुकडे घेणं: १४ किंवा १६ गेजची सुई, सोनोग्राफीच्या नजरेखाली ४ ते ६ तुकडे. निव्वळ चरबीचा भाग सोडून जाड पडदा, घन गोळा, डाय घेणारा भाग यांवर नेम धरा. पांढऱ्या, मऊ भागातून सहा तुकडे घेतले आणि घन गोळा राहून गेला, तर रिपोर्ट निरुपद्रवी येईल, गाठ मात्र निरुपद्रवी नसेल. सुईचा मार्ग पुढच्या ऑपरेशनच्या छेदरेषेवर, हातापायाच्या लांबीच्या दिशेने, एकाच स्नायूकप्प्यातून असावा. म्हणून शेवटचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला आधी फोन करा. मांडीवरचा आडवा छेद ही तालुक्यात होणारी सगळ्यांत महाग चूक आहे. हायबरनोम्याची शंका असेल तर डॉप्लरने मोठ्या वाहिन्या टाळा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची चौकशी करा, आणि नंतर पुरेसा वेळ दाबून धरा, कारण रक्तस्राव होऊ शकतो.

बाटली

निदान फसण्याचं एक फार साधं कारण म्हणजे औषधाच्या अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबलेली गाठ. फॉर्मालिन, म्हणजे नमुना टिकवणारा द्रव, चरबीत फार सावकाश शिरतो. बाहेरून कडक झालेली गाठ मधोमध कुजते, आणि किनाऱ्यावरच्या मे महिन्यात तर लवकरच.

१० टक्के बफर्ड फॉर्मालिन असं बनवा: बाजारातलं ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइड १०० मिली, डिस्टिल्ड पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. विहिरीचं पाणी नको. बफर नसेल तर द्रव हळूहळू आम्लधर्मी होतो, स्लाइडवर काळे कण येतात आणि पुढच्या जनुकीय चाचणीसाठी डीएनए खराब होतो. सलाइनमध्ये किंवा डीप फ्रीझरमध्ये नमुना ठेवू नका. बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात.

गाठीच्या दहापट फॉर्मालिन आणि रुंद तोंडाचा डबा घ्या. दिशा कळावी म्हणून वरच्या टोकाला लांब आणि बाहेरच्या बाजूला आखूड दोरा बांधा. कापायची गरज असेल तर आधी कडांना शाई, मग १ सेंटिमीटरच्या चकत्या, पण अखंड एका कडेला जोडलेल्या. चरबी तरंगते आणि वरचा भाग कोरडा पडतो, त्यावर टिश्यू पेपर ठेवा. नाव पेन्सिलीने लिहून लेबल डब्यावर लावा. झाकणावर नको, झाकणं बदलतात. बसने किंवा रेल्वेने पाठवायचं तर डबा दुसऱ्या डब्यात, मध्ये शोषणारा कागद. ६ तासांपेक्षा कमी किंवा ७२ तासांपेक्षा जास्त फॉर्मालिनमध्ये राहू नये, म्हणून गणपतीच्या सुट्टीच्या तोंडावर नमुना पाठवू नका.

स्लाइडपाशी

प्रयोगशाळेत गाठीच्या सर्वांत मोठ्या मापाच्या दर सेंटिमीटरला निदान एक ब्लॉक घ्यावा. पिवळा भाग भरपूर असतो, त्यामुळे तो आपोआप येतोच. हात आधी पांढऱ्या, घट्ट, चिकट आणि तपकिरी भागाकडे जाऊ द्या. ३ मिलिमीटरपेक्षा जाड तुकडा प्रक्रियेत नीट कोरडा होत नाही आणि कापताना चुरा होतो.

हायबरनोम्यात आतून जाळीदार, दाणेदार, मध्यभागी लहान केंद्रक असलेल्या पेशी दिसतात. या जाळीदार पेशींना ‘लायपोब्लास्ट’ (अपक्व चरबीपेशी) म्हणून लायपोसार्कोमा ठरवणं ही नेहमीची चूक. स्पिंडल सेल लायपोमात दोरखंडासारखे कोलॅजेनचे जाड पट्टे, सीडी-३४ या प्रथिनाची चाचणी सकारात्मक, आणि आरबी-१ प्रथिन गेलेलं. अँजिओलायपोमात केशवाहिन्यांत फायब्रिनच्या गुठळ्या; त्या दिसल्या की प्रश्न मिटतो. लायपोब्लास्टोमात पडद्यांनी कप्पे पाडलेले, आणि शंका राहिल्यास पीएलएजी-१ जनुकाची पुनर्रचना शोधावी.

खरा निर्णायक प्रश्न सहसा एमडीएम-२ जनुकाचा असतो. अटिपिकल लायपोमॅटस ट्यूमरमध्ये त्याच्या प्रती वाढतात. वर सांगितलेल्या निरुपद्रवी गाठींत वाढत नाहीत. स्लाइडवर प्रथिन रंगवून पाहण्याच्या चाचणीत मृत चरबीभोवतीच्या मॅक्रोफेज (सफाई करणाऱ्या) पेशीही एमडीएम-२चा रंग उचलतात, म्हणून चोळलेल्या किंवा बिब्बा लावलेल्या गाठीत खोटा सकारात्मक रिपोर्ट येऊ शकतो. अशा वेळी फिश, म्हणजे जनुकाच्या प्रती मोजणारी चाचणी करावी. एमडीएम-२ आणि १२व्या गुणसूत्राच्या मध्यबिंदूचं गुणोत्तर २ किंवा त्याहून जास्त असेल तर सकारात्मक. प्रत्येक लायपोम्याला ही चाचणी लावणं म्हणजे पेशंटचे पैसे वाया घालवणं. पोटाच्या मागची गाठ, परत आलेली गाठ, पन्नाशीपुढे हातापायातली १० सेंटिमीटरहून मोठी खोल गाठ, किंवा केंद्रकांबद्दल शंका असेल, तिथे ती टाळू नये.

पुढे पाठवताना

रत्नागिरी, ओरोस, अलिबागहून बांबोळीला (गोव्याचं मेडिकल कॉलेज) किंवा मुंबईकडे पाठवायचं तर पेशंटच्या हाती फक्त छापील रिपोर्ट देऊ नका. एमआरआयची डायकॉम सीडी (मूळ डिजिटल चित्रं), पॅराफिन ब्लॉक आणि स्लाइड, ऑपरेशनची नोंद, आणि टेपची मापं असलेला केसपेपर हे सगळं द्या. ब्लॉक असेल तर दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला नव्या चाचण्या करता येतात; नसेल तर माणसाला पुन्हा सुई खावी लागते. चिठ्ठीवर वय, जागा, माप, स्नायूच्या वर की खाली, वाढ किती महिन्यांत, आणि बिब्बा-लेप-मालिश यांची एक ओळ. पॅथॉलॉजिस्टच्या मागणीपत्रावरही हीच ओळ लिहा. त्याच्यासमोर पेशंट नसतो, फक्त काचेवरचा तुकडा असतो. स्लाइडचा रिपोर्ट आणि एमआरआय जुळले नाहीत तर दोघांना एकाच फोनवर घ्या, आणि तोवर दुसरं ऑपरेशन ठरवू नका.